रक्ताची साक्ष

आमच्या वाड्याच्या मागल्या खिडकीतून तांबट आळीतला ठोक ऐकू येतो. पूर्वी तो उजाडल्यापासून ऐकू येई. आता ठोकणारे हात थोडे उरले असल्यामुळे तो उशिरा सुरू होतो आणि मध्येच थांबतो. कसब्यात जन्मलेल्या माणसाला या आवाजाचा त्रास होत नाही. उलट तो थांबला म्हणजे काहीतरी चुकल्यासारखे वाटते. लहानपणी मी आणि माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणे, शाळेतून परतताना एका म्हाताऱ्या तांबटाच्या दुकानापुढे हटकून उभे राहत असू. मठारकाम पुरे झालेला हंडा तो गुडघ्यांत धरी, बोटाच्या पेराने त्यावर एक टिचकी मारी आणि मान किंचित कलती करून ऐके. बहुतेक हंडे या परीक्षेत उत्तीर्ण होत. एखादा मात्र तो मुकाट्याने बाजूला ठेवी. आम्हांला त्या हंड्यात काही एक वेगळे दिसत नसे. आम्ही विचारले, तर "बोलला की तो!" एवढेच तो म्हणे.

पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की, रोग्याच्या छातीवर बोटे आपटून आतल्या विकाराची चाहूल घेण्याची विद्या व्हिएन्नातील आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने १७६१ साली जगापुढे मांडली. त्याचा बाप खानावळ चालवी, आणि पिंपात मद्य कोठवर उरले आहे हे टिचकी मारून ओळखी, असे सांगतात. मुलाने पिंपाच्या जागी माणूस ठेवला, इतकेच. त्या काळच्या वैद्यांनी या शोधाची फारशी दखल घेतली नाही. १८०८ साली नेपोलियनचा राजवैद्य कॉर्विझार याने त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कोठे ही विद्या युरोपात रुजली. आणि पाहा, ज्या नेपोलियनच्या वैद्याने ती रुजविली, तो नेपोलियन १८२१ साली सेंट हेलेनावर मरण पावला, तेव्हा शवच्छेदात त्याच्या जठरात कर्करोग आढळला.

छाती बोलते, जठर बोलत नाही. जठराच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह बहुधा असे की, चिन्हच नसते. त्यानंतरची चिन्हे म्हणजे जेवणानंतर थोडी जळजळ, चार घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, अन्नावरची वासना उडणे. ही लक्षणे महाराष्ट्रात कोणाला नसतात? आपल्या घरांत या सर्वांना मिळून एकच नाव आहे, ते म्हणजे पित्त. हा शब्द इतका सोयीचा आहे की, तो उच्चारताच निदान, कारण आणि उपाय ही तिन्ही एकदम हाती येतात. डोके दुखले, पित्त झाले. राग आला, पित्त खवळले. जागरण झाले, पित्त वाढले. त्यावर धने-जिऱ्याचे पाणी आहे, मोरावळा आहे, कोकमाचे सार आहे, आणि ज्याला घाई आहे त्याला खायचा सोडा आहे. दादाने आयुष्यभर सोडा घेतला. तो एका पितळी डबीत सोडा ठेवी, आणि बँकेत निघण्यापूर्वी चिमूटभर पाण्यात टाकून तो फसफसता पेला उभ्याउभ्याच संपवी. बँकेत तो हिशेबनीस होता. छत्तीस वर्षांत त्याचा ताळेबंद एका पैशानेही चुकला नाही, असे त्याच्या निरोपसमारंभात कोणी बोलले, तेव्हा तो लाजला होता.

दादाला जाऊन आता दोन वर्षे होतील. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. रोग उघडकीस आला तेव्हा तो जठरातून यकृतापर्यंत पोचलेला होता. त्यानंतर तो पाच महिने जगला. या पाच महिन्यांचे वर्णन मी करणार नाही. ज्यांच्या घरी ते घडले आहे त्यांना ते नको आहे, आणि ज्यांच्या घरी घडलेले नाही त्यांना ते शब्दांनी कळणार नाही.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या एक गुळगुळीत, रंगीत पत्रक घेऊन आला. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे, आणि जगातल्या प्रत्येक दुःखावर कोठेतरी एक यंत्र तयार झालेले असणार अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे. पत्रकात म्हटले होते की, दंडातून एक नळीभर रक्त द्या. त्यातील सूक्ष्म खुणा वाचून जठरासकट अनेक अवयवांचे कर्करोग लक्षणे दिसण्यापूर्वीच ओळखता येतील. "काका, तुम्ही आणि मी, दोघांनी करून घेऊ," तो म्हणाला. किंमत बरीच होती. पण ती तो भरणार होता. वहिनी खाली ओसरीवर मेथी निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "भाऊजी, हे तेव्हा असतं, तर ह्यांचं कळलं असतं का?"

मी म्हणालो, "वाचून सांगतो." घरात इंग्रजी शिकून प्राध्यापक झालेला मी एकटा. कागद कोणताही असो, कराचा, विम्याचा, डॉक्टरांचा, तो माझ्याकडे यायचा आणि मी वाचून सांगायचे, ही आमच्या घरची जुनी वहिवाट आहे. या वेळी मात्र वाचून सांगायला मला चार महिने लागले.

पत्रकातला मूळ विचार खोटा नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. आपल्या शरीरातील असंख्य पेशी रोज मरत असतात, आणि मरताना त्यांच्यातील डी.एन.ए.चे तुकडे रक्तात सांडतात. ही गोष्ट मांदेल आणि मेतेस या फ्रेंच संशोधकांनी १९४८ साली दाखविली. डी.एन.ए.ची ती प्रसिद्ध पिळाची शिडी वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली ती १९५३ साली. म्हणजे या तुकड्यांचा शोध त्यांचा अर्थ कळण्याच्या पाच वर्षे आधी लागला, आणि अर्थातच तो बराच काळ पडून राहिला. कर्करोग्यांच्या रक्तात हे तुकडे अधिक असतात, असे १९७७ साली आढळले. रोगाची खूण जर रक्तात उतरते, तर आईच्या रक्तात पोटातल्या बाळाची खूण का उतरू नये, असा विचार डेनिस लो यांनी केला आणि १९९७ साली ती शोधूनही दाखविली. आज गरोदर स्त्रियांच्या रक्तावरून गर्भाची जी परीक्षा होते, ती याच विचारातून निघालेली आहे.

डी.एन.ए.च्या जोडीला आणखी एक साक्षीदार अलीकडे पुढे आला आहे. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना १९९३ साली, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीचा अभ्यास करताना, आर.एन.ए.चे अगदी तोकडे धागे सापडले. पेशीतील इतर संदेशांवर लगाम ठेवणे, हे या धाग्यांचे काम. कृमीच्या शरीरातली ही चीज माणसाच्याही शरीरात आहे, असे पुढे कळले. आणि रक्तातही हे धागे न विरघळता टिकून राहतात, असे २००८ साली दिसून आले. दोघांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सिंगापूरच्या संशोधकांनी जठराच्या कर्करोगासाठी असे बारा धागे निवडले, पाच हजारांहून अधिक माणसांवर ते पारखले, आणि त्यांचा निकाल जुन्या खुणांपेक्षा सरस ठरला. जुन्या खुणा म्हणजे सी.ई.ए. वगैरे. सी.ई.ए. ही खूण १९६५ पासून माहीत आहे; पण ती धूम्रपानानेही वाढते, आणि कोवळ्या कर्करोगात पुष्कळदा मुळीच वाढत नाही. जपानात जठराच्या अस्तराची झीज ओळखण्यासाठी पेप्सिनोजेन नावाच्या द्रव्याचे रक्तातील प्रमाण मोजतात. पण तीही खूण जमीन नापीक झाल्याची आहे, तण उगवल्याची नव्हे.

इथवर मी उत्साहाने वाचले. पण माझा धंदा गणित शिकविण्याचा, आणि त्यातही संभाव्यता हा माझा आवडता विषय. टॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचा एक निबंध त्याच्या मरणानंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. साक्षीदार किती खरे बोलतो एवढे पाहून भागत नाही. ज्या गोष्टीची तो साक्ष देत आहे ती मुळात किती वेळा घडते, हेही पाहावे लागते, असा त्या निबंधातल्या नियमाचा आशय व्यवहाराच्या भाषेत सांगता येईल. मी एका संध्याकाळी खाली जाऊन वहिनींच्या पुढ्यात पाटीवर गणित मांडले. समजा, आपल्या पेठांतून पन्नाशी उलटलेली दहा हजार माणसे उभी केली, आणि त्यांत दहा जणांना हा रोग आहे. समजा, परीक्षा इतकी चांगली आहे की, रोगी शंभरांपैकी नव्वद वेळा ओळखते आणि निरोग्यालाही शंभरांपैकी नव्वद वेळा निरोगीच म्हणते. मग दहांपैकी नऊ सापडतील. पण उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी ९९९ जणांवर खोटा आळ येईल. एकूण आळ १,००८. पूजेतला अष्टोत्तर सहस्राचा आकडा अचानक पाटीवर उमटलेला पाहून वहिनींना गंमत वाटली. "आणि त्यांत खरे नऊ?" त्यांनी विचारले. "त्यांत खरे नऊ," मी म्हणालो. माझ्यासारख्याला, ज्याचा सख्खा भाऊ या रोगाने गेला आहे, धोका इतरांच्या साधारण दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून माझ्यापुरता हा हिशेब काहीसा सुधारतो. पण काहीसाच.

पुतण्याला हे गणित आवडले नाही. "काका, एक हजार लोकांची झोप उडाली तरी चालेल, नऊ तर वाचतील!" तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही. जपानने आणि कोरियाने यापेक्षा कितीतरी मोठा खटाटोप केला आहे. कोरियात चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकार करवून देते. पण तेथे हा रोग घरोघर आहे. आपल्या देशात तो मिझोरममध्ये भयंकर प्रमाणात आहे, आणि ऐझॉलच्या माणसाने हे पत्रक हाती घेतले तर त्याचा हिशेब माझ्याहून निराळा होईल. पुण्यात हा रोग त्या मानाने विरळा आहे. रोग विरळा म्हणजे खोटे आळ अधिक, हे गणित कोणत्याही यंत्राला चुकविता येत नाही. शिवाय, ज्या हजार जणांवर आळ येईल त्यांचा खटला चालायचा कोठे? तर दुर्बिणीच्या न्यायालयात! तोंडावाटे नळी घालून जठर डोळ्यांनी पाहिल्यावाचून या प्रकरणाचा निकाल लागत नाही.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र गणिताने दिलेले नव्हते. ते एका निराळ्या आकड्यात होते. अनेक कर्करोग एकाच नळीभर रक्तात शोधणाऱ्या एका परीक्षेचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. निरोग्यांवर खोटा आळ घेण्याच्या बाबतीत ती परीक्षा फारच सावध होती. पण रोग पहिल्या अवस्थेत असता तिने शंभरांपैकी सुमारे १७ रोगी ओळखले, आणि चौथ्या अवस्थेत ९०. हे आकडे सर्व प्रकारच्या कर्करोगांचे मिळून आहेत. कारण उघड आहे. गाठ लहान असते तेव्हा ती रक्तात सांडतेही थोडेच. जेव्हा ऐकू यावे असे आपल्याला वाटते तेव्हा ती कुजबुजते, आणि ओरडू लागते तेव्हा ऐकून फारसा उपयोग नसतो. जठराचा कर्करोग अगदी कोवळा असताना काढून टाकला, तर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी पाच वर्षांनीही जिवंत असतात. पण तेथवर जाण्याची वाट रक्तातून अजून तरी पुरती सापडलेली नाही.

म्हणजे हा सर्व उद्योगच व्यर्थ, असे मी म्हणणार नाही. असे म्हणणाऱ्याला आपल्याच प्रांताचा इतिहास ठाऊक नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथे वसंत रामजी खानोलकरांसारखा विकृतिशास्त्रज्ञ लाभला, आणि त्यांच्या हाताखाली आमच्या पुण्यातली, हुजूरपागेतून आणि फर्ग्युसन कॉलेजातून शिकून गेलेली कमल समर्थ ही मुलगी संशोधन करू लागली. तीच पुढे कमल रणदिवे म्हणून प्रसिद्धीस आली. लक्ष्मी रस्त्याने जाताना हुजूरपागेच्या दारावरून रोज हजारो माणसे जातात. कर्करोगाच्या संशोधनासाठी पेशी कुपीत वाढविणाऱ्या देशातल्या आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक उभारणारी बाई याच दारातून बाहेर पडली, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल?

पण मला अधिक विचार करावयास लावले ते बार्शीने. १९८७ साली बार्शीला खेड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. भारतातील ग्रामीण भागातली अशी ही पहिलीच नोंदणी. काम करणारे लोक गावोगाव हिंडत, घरोघर बसत, आणि अमुक त्रास होत असेल तर लपवू नका, दवाखान्यात या, असे सांगत. एवढ्या बोलण्यानेच बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याने! त्यानंतर शेजारच्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे फळ २००९ साली जाहीर झाले. या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूचा डी.एन.ए. शोधणारी परीक्षा आयुष्यात एकदाच ज्यांच्यावर केली, त्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तेव्हा रेणूंच्या खुणा वाचून माणसे वाचतात, ही गोष्ट मराठवाड्याच्या खेड्यांत सिद्ध झालेली आहे. फरक इतकाच की, तेथे रोगाची जागा हाताशी आहे, रोगापूर्वीची अवस्था अनेक वर्षे रेंगाळते, आणि खूण सापडताच तिथल्या तिथे उपाय करता येतो. जठराच्या बाबतीत यांपैकी मधली एकच सोय निसर्गाने ठेवली आहे. पुतण्या माझ्या वयाचा होईल तेव्हा कदाचित हे पत्रक खरे ठरेल. मी ते फाडून टाकलेले नाही.

हे सारे वहिनींना सांगावे, म्हणून मी शिवरात्रीच्या आधी एके दिवशी दादाची कागदांची फाइल मागून घेतली. रोग कोणत्या महिन्यात कोणत्या अवस्थेत असावा याचा अदमास बांधता आला, तर उत्तर नेमके देता येईल, असा माझा प्राध्यापकी विचार. फाइल हिशेबनिसाची होती. प्रत्येक कागद तारीखवार लावलेला, वर अनुक्रमांक. शेवटापासून मागे मागे जात मी अकराव्या कागदावर आलो. तो रोग उघडकीस येण्यापूर्वी नऊ महिन्यांचा होता. साधी रक्ताची तपासणी. कोणत्याही गल्लीत, चार पैशांत होते ती. हिमोग्लोबिन ९.१. शेजारी छापलेले, पुरुषांत १३ ते १७. आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले चार शब्द: "लोह कमी. खजूर, गूळ."

अक्षर माझे होते.

मग मला ती संध्याकाळ आठवली. दादा जिना चढून वर माडीवर आला होता आणि मधल्या पायरीवर थांबला होता, हेही आठवले. मी उत्तरपत्रिका तपाशीत होतो. त्याने कागद पुढे केला. मी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला, पेन्सिलीने शेरा मारला, जसा मी त्या वेळी शेकडो कागदांवर मारीत होतो, आणि परत दिला. त्याने तो कागद आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखविला. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या रक्तातले लोह विनाकारण कमी होत नाही. स्त्रीचे कमी होण्यास निसर्गाने कारण ठेवले आहे, पुरुषाचे कमी झाले तर ते कोठून तरी गळत असते, आणि ते 'कोठून' शोधण्यासाठी जठरात आणि आतड्यांत दुर्बीण घालावी लागते. ही नव्या शास्त्राची गोष्ट नव्हे, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवितात ती जुनी गोष्ट. हिशेबनिसाच्या खात्यातून दररोज थोडी थोडी शिल्लक कमी होत होती, आणि ती कोठे जाते हे दोघा शिकलेल्या माणसांपैकी एकानेही विचारले नाही. बारा धाग्यांची, डी.एन.ए.च्या तुकड्यांची बारीक साक्ष काढण्याची गरजच नव्हती. रक्ताने ठळक अक्षरांत, छापील मर्यादेच्या शेजारी आकडा लिहून, साक्ष दिली होती. आणि ती माझ्याच हातात दिली होती.

तो कागद मी दोन दिवस वर ठेवून घेतला. वहिनींना सांगावे की नाही, याचा निर्णय होईना. न सांगितले तर माझे गणित, सिंगापूर, बार्शी, सगळे खरे असूनही एक मोठे खोटे ठरले असते. तिसऱ्या दिवशी रात्रीची जेवणे झाल्यावर खाली गेलो, कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितले. अगदी शेऱ्यासकट वाचून दाखविले.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गोळ्या सुरू झाल्यावर परसाकडे काळी व्हायची त्यांना. मला सांगितलं होतं त्यांनी. गोळ्यांनी होतं तसं, असं डॉक्टर म्हणाले होते." होते, तसेही होते, लोहाने होते आणि रक्तस्रावानेही होते, आणि एका कारणाआड दुसरे लपले. "आणि पँटी दोनदा आत घेऊन आणल्या मी शिंपी आळीतून," त्या पुढे म्हणाल्या. "मला वाटलं, निवृत्त झाले, बाहेरचं खाणं सुटलं." कागद त्यांनी माझ्या हातून घेतला, फाइलीत अकराव्या जागी पुन्हा लावला आणि फीत बांधली. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, "तुम्हांला किती दिवस झाले जळजळतंय?"

मी ही गोष्ट घरात कोणाला सांगितलेली नव्हती. आमच्या मंडळींनाही नव्हती. पण एकाच वाड्यात तीस वर्षे राहिलेल्या बाईला, भाऊजींच्या पाण्याच्या पेल्यात सोडा कधीपासून फसफसू लागला, हे विचारावे लागत नाही. वर्ष होऊन गेले होते. आणि येथे मला आणखी एक कबुली दिली पाहिजे. ते रंगीत पत्रक मला चार महिने इतके आवडले, त्याचे कारण शास्त्राचे प्रेम हे नव्हते. एक नळीभर रक्त द्यायचे आणि 'काही नाही' असा कागद घ्यायचा, हा सौदा मला हवा होता, कारण दुर्बिणीची मला भीती वाटत होती. दहांपैकी ज्या एका रोग्याला ती परीक्षा चुकून निर्दोष ठरविते, त्याच्या हातातला कागद दिसायला कसा असतो? इतर निर्दोषांच्या कागदासारखाच असतो.

दुर्बीण ही काही भयंकर वस्तू नाही. १८६८ साली जर्मनीत कुस्माउल याने जठरात प्रथम सरळ, ताठ नळी घालून पाहिली, तेव्हा त्याला त्यासाठी तलवार गिळणारा डोंबारी गाठावा लागला. १९५० साली जपानात जठरात उतरविता येईल असा इवलासा कॅमेरा तयार झाला, आणि आजची नळी तर करंगळीएवढी, वाटेल तशी वळणारी असते. उपाशी पोटी जावे लागते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, दातांत एक कडे देतात, डाव्या कुशीवर निजवितात. ओकाऱ्या येतात, डोळ्यांतून पाणी येते, आणि दहा मिनिटांत आटोपते. मी पडद्यावर माझे स्वतःचे जठर पाहिले. गुलाबी, ओलसर, आणि एका बाजूला लालसर चट्टे. डॉक्टरांनी चार ठिकाणांहून चिमटे घेतले.

आठ दिवस त्या चिमट्यांच्या निकालाची वाट पाहण्यात गेले. या आठ दिवसांत तांबट आळीतला ठोक मला पहाटेपासून ऐकू येत होता. तो सुरू झालेला नसे तेव्हाही.

निकाल आला. कर्करोग नव्हता. जठराला सूज होती आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू होते. १९८४ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल याने जे जंतू स्वतः पिऊन दाखविले आणि ज्यांच्या शोधाबद्दल त्याला व रॉबिन वॉरन याला २००५ साली नोबेल मिळाले, तेच. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या पोटात ते वर्षानुवर्षे असतात, आणि बहुतेकांना त्यांच्यापासून कर्करोग होत नाही. पण ज्यांचा भाऊ, बाप किंवा आई या रोगाने गेली त्यांनी ते बाळगू नयेत. कोरियात अशाच सुमारे सतराशे सख्ख्या नातलगांवर एक प्रयोग झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. औषध दिलेल्या ८३२ जणांपैकी सुमारे नऊ वर्षांत दहांना हा कर्करोग झाला. न दिलेल्या ८४४ पैकी तेवीस जणांना. या आकड्यांत मला पाटी लागली नाही. पुतण्यालाही मी रंगीत पत्रकाऐवजी या जंतूंच्या तपासणीला पाठविले. नळीत फुंकर मारायची, एवढीच ती परीक्षा. यंत्र आहे म्हटल्यावर तो खुशीने गेला.

मला चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत. सकाळी चार, रात्री चार. वहिनींनी त्यांचे कोष्टक आखून खाली ओसरीवर कालनिर्णयाशेजारी लावले आहे, आणि प्रत्येक खेपेस मी खाली जाऊन त्यांच्या समोर गोळ्या घ्यायच्या, असा हुकूम आहे. पितळी डबी त्यांनी घासून फडताळात ठेवून दिली. दुर्बिणीच्या वेळी माझे रक्तही तपासले होते. तो कागद काल मिळाला. मी तो जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून एकदा वाचला, खाली जाऊन चष्मा नीट लावून पुन्हा वाचला, आणि मग वहिनींना मोठ्याने वाचून दाखविला. हिमोग्लोबिन १४.२.

"पुरुषांत किती लागतं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. त्यांनी कागद घेतला आणि दादाच्या फाइलीत नव्हे, नवी फाइल काढून तिच्यात पहिल्या जागी लावला.